गल्लीतला एकमेव प्रत्यक्षदर्शी

२८ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१०

आजपासून राग बंद. डॉक्टरांनी काल बीपीचं मशीन दोनदा लावलं आणि दोन्ही वेळा तोंड वाकडं केलं. मशीनच खराब असणार. तसं सांगितलं तर म्हणाले, सर, राग कमी करा. मला राग येत नाही हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा कंपाउंडर आत डोकावला.

बरोबर एक महिन्यानं, २८ फेब्रुवारीला, मी रिटायर होतोय. तेहतीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. त्याच दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन येतो, हे हेडमास्तर भागवत सरांच्या अजून लक्षात आलेलं नाही. मी सांगणार नाही. त्यांच्याच लक्षात यायला पाहिजे.

संकल्प : १) राग नाही. २) डायरी लिहायची. ३) समोरच्या जगदेवच्या घराकडे बघायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.५०

बघावंच लागतं. जगदेव पट्टेबहादूर, एस.टी.चा रिटायर ड्रायव्हर. नोव्हेंबरात त्याच्या मोटरसायकलमधून कोणीतरी पेट्रोल काढलं. बाटलीभर. तर या गृहस्थानं गेटवर एलईडीचा फोकस बसवला. शंभर वॉट. त्याचं तोंड थेट माझ्या व्हरांड्यात. मी निषेध म्हणून व्हरांड्यातला बल्ब काढून ठेवला. तेव्हापासून त्याच्याच उजेडात बसून त्याच्याविरुद्ध अर्ज लिहितो. नगर परिषदेला तीन झाले. उत्तर नाही. चौथा लिहायला घेतोय.

अगदी शांतपणे.

३० जानेवारी, शुक्रवार. रात्री ८.३०

हद्द झाली. अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

आठ वाजता जगदेवशी बोलायला गेलो. मनकर्णा मागून आली. बायकोनं अशा वेळी मागून यायची गरज नसते, पण आली. मी त्याला विचारलं, हा उजेड आहे की छळ? तर म्हणे, "सर, त्याचं तोंड खाली करून देतो ना. आरडून कायले राह्यले?" मी आरडत नव्हतो. मुद्दा मांडत होतो. शेजारच्या वच्छलाबाई बाहेर आल्या, कोपऱ्यावरच्या किराणावाल्या दौलतसिंगनं दुकानातून मान काढली, तरी मी मुद्दाच मांडत होतो.

आणि मग यानं फोकस वाढवला! मी लगेच घड्याळ पाहिलं. ८ वाजून ४ मिनिटं. तक्रारीत वेळ लागते. निळसर पांढरा झोत, अख्खी गल्ली दिवसासारखी. माझी सावली समोर त्याच्या भिंतीवर पडली आणि सर्रकन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली. मी ओरडलो, फोकस बंद कर! तर यानं माझ्यावर हात उगारला. चांगला डोक्याच्या वर. तोंडानं काहीतरी आरडाओरडा. ही माझी बाही ओढत होती, माघार घ्या म्हणून. मी हात झटकला. मागे वळून पाहिलं नाही. अशा वेळी मागे बघत नसतात.

राग बंदचा दिवस तिसरा. यात माझा दोष नाही.

३१ जानेवारी, शनिवार. सकाळी ९.००

पेपरात बातमी. पान पाच. काल रात्री ८.०४ वाजता अकोला, वाशीम, कारंजा भागात अतिशय तेजस्वी उल्का दिसली. निळसर पांढरा प्रकाश. काही सेकंद रस्ते उजळून निघाले.

दोनदा वाचली. चहा गार झाला.

८.०४.

म्हणजे मी उल्का पाहिली. निळसर पांढरा प्रकाश मी पाहिला. गल्ली उजळलेली मी पाहिली. वेळ तर मिनिटासकट नोंदवली. उल्का पाहणं म्हणजे काय? तिचा प्रकाश पाहणं. चंद्र तरी आपण कुठे पाहतो, त्याच्यावरून आलेला प्रकाशच पाहतो.

तेहतीस वर्षं. दर वर्षी तो धडा आला की एखादं पोरगं विचारतंच, सर, तुमी पाह्यली का उल्का? आणि दर वर्षी मी म्हणतो, पुढचं पान काढा. पन्नास पोरं, पन्नास चेहरे, आणि मी फळ्याकडे तोंड करून. यंदा उत्तर आहे. जाता जाता का होईना, आहे.

पेपरवाल्यांनी मुलाखत कोणाची घ्यावी? कारंज्याच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची! त्याला म्हणे "लय मोठा फटाका" वाटला. असल्या माणसाचं छापतात. वाशीमचा विज्ञान शिक्षक इथे जिवंत आहे.

बातमी कापून कालच्या पानावर डिंकानं चिकटवली. तिथला मजकूर रागाच्या भरातला होता, झाकला गेला ते बरं.

मनकर्णाला बातमी दाखवली. तिनं वाचली नाही. सरळ आत गेली. आज भाजीत मीठ नव्हतं. विचारलं तर म्हणे, तुमाले चालत नाही. कालपर्यंत चालत होतं.

२ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.००

आज दोन कामं.

एक. भागवत सरांना भेटलो. २८ तारीख आठवत नव्हतीच त्यांना. मीच सांगितलं. विज्ञान दिन आणि माझा निरोप समारंभ एकत्र घ्यायचा ठरला. माझं भाषण : "उल्का : एका प्रत्यक्षदर्शीचे निवेदन". सरांनी विचारलं, खरंच पाह्यली का सर? मी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. माझ्या हाताखाली बी.एड.चा पाठ घेतलेला हा माणूस.

दोन. पोलीस ठाण्यात गेलो. जगदेवविरुद्ध तक्रार. हवालदारानं भलतेच प्रश्न विचारले. मारलं का? नाही, उगारला. मंग खाली आला का हात? नाही. किती वेळ वर होता? चार-पाच सेकंद. तो पेन ठेवून म्हणतो, "सर, मारनारा मानूस एवढा वेळ हात वरतीच कायले ठेवीन?" याला कायदा शिकवला कोणी? लिहून घ्या म्हणालो. घेतलं. पुरावा आणा म्हणाला. दौलतसिंगच्या दुकानाला कॅमेरा आहे, गल्लीकडे तोंड असलेला.

फोकस वाढवल्याचा मुद्दा तक्रारीतून मी स्वतःहून गाळला. मन मोठं ठेवायचं.

म्हणजे एकाच क्षणी आकाशात उल्का आणि जमिनीवर हल्ला. दुसरा कोणी असता तर यातलं एकच पाहू शकला असता.

५ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ८.००

शास्त्रीय काम शास्त्रीय पद्धतीनंच व्हायला हवं. फॉर्म तयार केला. रकाने : नाव, वय, दि. ३० रोजी ८.०४ वाजता कोठे होता, उल्का पाहिली काय (होय/नाही), दिशा, शेरा, सही. बारा झेरॉक्स काढल्या. गल्लीत बारा घरं. आमचं आणि जगदेवचं सोडून दहा, प्रत्येकी एक. अकरावा मनकर्णाला, घरची साक्ष म्हणून. बारावा उरला. जगदेवला देण्याचा प्रश्नच नाही. तो आरोपी आहे, साक्षीदार नाही.

आज मला नीट आठवलं की उल्केला हिरवट झाक होती.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.००

अकरा फॉर्म परत आले. अकराच्या अकरा "नाही"!

हे काय आहे? वच्छलाबाई त्या वेळी गेटात उभ्या होत्या, मी स्वतः पाहिलं. फॉर्म पाहून त्यांनी कानाला हात लावले आणि म्हणाल्या, "आमी काई पाह्यलं नाई बाप्पा." दौलतसिंग खोकत राहिला, "नाही"वर टिक केली आणि सुटे पैसे मोजायला लागला. गिऱ्हाईक एकही नव्हतं. मनकर्णानं तर फॉर्म हातात धरून बराच वेळ पाहिला. मग "नाही" लिहिलं, सही केली, डोळ्याला पदर लावला. कांदा चिरत असणार. कांदा मला दिसला नाही.

आधी राग आला. एवढी मोठी घटना डोक्यावरून गेली आणि यांना पत्ता नाही! असल्या गल्लीत मी एकवीस वर्षं राहिलो. आता शांत डोक्यानं विचार केला तर याचा अर्थ सरळ आहे. उल्का फक्त मी पाहिली. अख्ख्या गल्लीत एकमेव प्रत्यक्षदर्शी. अकरा सह्या आहेत त्याला.

११ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६.३०

पेपरच्या वार्ताहराला फोन. म्हणाला, बातमी जुनी झाली. उल्का आकाशात साडेचार अब्ज वर्षं फिरते आणि याला बारा दिवसांत जुनी होते! मी तिचे तीन तुकडे झालेले पाहिले हे सांगितलं, तरी ढिम्म. फोटो आहे का, म्हणे. मी शिक्षक आहे, फोटो स्टुडिओ नाही. फोन मी ठेवला. म्हणजे त्यानं आधी ठेवला, पण मी ठेवणारच होतो.

निकिताचा पुण्याहून फोन आला. आमची एकुलती एक. बाबा, आई रडत होती, तुम्ही तब्येतीकडे लक्ष द्या, म्हणाली. आईनं रडायचं आणि लक्ष मी द्यायचं. रात्री ही माझी नाडी पाहते. मला जाग आहे हे तिला कळत नाही. बीपीच्या गोळीला हल्ली उशीर होऊ देत नाही. माझ्या रिटायरमेंटची एवढी धास्ती! पेन्शन आहे म्हणावं.

१५ फेब्रुवारी, रविवार. रात्री ७.४५

मोठा दिवस. कोणी ऐकत नाही तर दगडच आणतो, असं ठरवून सकाळच्या एस.टी.नं किन्हीराजाला गेलो. माझ्या गणितानं उल्का तिकडेच पडली. (गणिताला दिशा लागते. मी ईशान्य धरली. कुठली तरी धरावीच लागते.) चार तास शेतं तुडवली. हरभऱ्याच्या शेतात एका बाईनं विचारलं, "काय हरपलं सर?" मी म्हणालो, अवकाशातला दगड. तिनं तिच्या नवऱ्याला हाक मारली. मी पुढे निघालो.

आणि सापडला! मोठ्या रस्त्याच्या कडेला. काळा कुळकुळीत, नारळाएवढा, एका बाजूनं वितळल्याच्या खुणा. वातावरणातून येताना वितळतो, पुस्तकात आहे. कंडक्टरनं तो मांडीवर ठेवू दिला नाही, तर माझं आणि त्याचं वाजलं. मालेगावपर्यंत वाजलं.

शोकेसमध्ये ठेवला. आदर्श शिक्षक पुरस्काराच्या शेजारी. (तालुका पातळी.)

१८ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ४.००

शाळेतून आलो तर शोकेसपुढे मनकर्णा उभी. खिडकीतून ऊन येतं दुपारी. दगड खाली बसला होता. पसरला होता म्हणायला हवं. पुरस्काराचा पाय त्यात रुतला आणि निघत नाही. ही म्हणे, "अवो, हे त डांबर हाये. रस्त्याचं." रॉकेल लावून काढलं. वासानं वच्छलाबाई आल्या आणि नाकाला पदर लावून गेल्या.

कार्बनयुक्त उल्कापाषाण नावाचा प्रकार असतो. तो मऊ असू शकतो. यावर अधिक संशोधन व्हायला हवं. भाषणात हा मुद्दा घेणार नाही, श्रोत्यांना झेपणार नाही.

राग नाही. फक्त शोकेसचं दार जरा जोरात लागलं. काच उद्या बसवेन.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.१५

दौलतसिंगकडे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं. आधीही दोनदा मागितलं होतं, टाळतोय. महिन्यानं आपोआप पुसलं जातं, म्हणजे एक तारखेला गेलं. आज स्पष्टच विचारलं. तर म्हणतो, "सर, म्या पाह्यलं ते. राहू द्या ना. जाऊ द्या."

का राहू द्या? तिथेच ओळखलं. जगदेवनं फितवला याला! दोघं सकाळी एकत्र चहा घेतात, मी पाहतो. मी म्हणालो, पोलिसांना घेऊन येऊ का? तो म्हणाला, पेन ड्राइव्ह आना सर. आवाज एकदम पडला. सत्यापुढे पडतोच.

एकाच पुराव्यात दोन्ही कामं. वरती उल्का, खाली उगारलेला हात. हे रेकॉर्डिंग भाषणात मोठ्या पडद्यावर दाखवणार. सगळ्या शाळेसमोर.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ८.१०

पेन ड्राइव्ह मिळाला. चाळीस सेकंदांचं आहे. दौलतसिंग म्हणाला, सर, आधी घरी एकदा पाहून घ्या. कॉम्प्युटरच्या मॅडम म्हणाल्या, सर, आधी लावून बघू का? भागवत सर म्हणाले, सर, एकदा चेक केलेलं बरं. तिघांना एकच उत्तर दिलं : जी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली ती मी चेक कशाला करू? मॅडमना जरा मोठ्यानं दिलं.

भाषणाची प्रॅक्टिस केली. हिरवा रंग, तीन तुकडे, मागून गडगडाट. गंधकाचा वासही होता, हे आज आठवलं. माणूस शांत झाला की एकेक आठवत जातं.

गल्लीत दहा घरांना आमंत्रण दिलं. जगदेवला नाही. तरी येणारच, त्याची नात धम्मदीपा आमच्या नववीत आहे आणि तिला प्रदर्शनाचं बक्षीस आहे. येऊ दे. त्यानं पाहायलाच हवं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. रात्री ८.०४

मुद्दाम याच वेळेला लिहितोय. उद्या या वेळी मी रिटायर असेन, आणि असं कोणी म्हणू शकणार नाही की इढोळे सरांनी आयुष्यभर पुस्तकातलंच शिकवलं. मनकर्णा नवीन शर्टला इस्त्री करतेय. मधेच थांबून म्हणाली, "अवो, त्या ताऱ्याचं नका बोलू ना उद्या. दुसरं काईबी बोला." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्या एका यशाला साथ दिली नाही. बोललो तसं. जरा लागेल असंच बोललो. ती शर्ट ठेवून आत गेली. एक बाही इस्त्रीची राहिली.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.३०

लिहायचं नव्हतं. पण डायरी हा संकल्प आहे, आणि तेवढा एकच टिकलाय.

हॉल भरलेला. पडदे ओढले. शाल, श्रीफळ झालं. भाषणाला उभा राहिलो. हिरवा रंग, तीन तुकडे, गडगडाट, वास, सगळं सांगितलं. पोरं गप्प ऐकत होती. तेहतीस वर्षांत एवढी गप्प कधी नव्हती. मग म्हणालो, आता पुरावा. मॅडमनी लावलं.

आवाज नाही त्याला. आमची गल्ली. मी, पाठमोरा नाही, कॅमेऱ्याला एका बाजूनं दिसतो. हात नाचवतोय. समोर जगदेव, हात खाली, ऐकून घेतोय. मागे मनकर्णा. वच्छलाबाई गेटात. दुकानाच्या पायरीवर दौलतसिंग.

मग सगळं पांढरं झालं. वच्छलाबाईंनी वर पाहिलं. दौलतसिंगनं वर पाहिलं. सायकलवरचा दूधवाला पाय टेकून वर पाहत राहिला. वच्छलाबाईंच्या कुत्र्यानंसुद्धा. मनकर्णा एका हातानं माझी बाही ओढतेय आणि दुसऱ्या हातानं वर दाखवतेय, तोंड उघडं, लहान पोरीसारखी. जगदेवनं हात उंच केला. पंजा नाही, मूठ नाही. बोट. माझ्या डोक्यावरून मागच्या आभाळाकडे. तो मला बोलावतोय, पुन्हा पुन्हा, वर पाहा, वर पाहा. आणि मी? मी घड्याळात पाहतोय. मग मनकर्णाचा हात झटकतोय. मग फोकसकडे बोट करून ओरडतोय. उजेड गेला तरी ओरडतोय.

चाळीस सेकंद. मॅडमना बंद करायचं सुचलं नाही, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

मग नववी ब मधून एक आवाज आला आणि सगळा हॉल फुटला. सातशे पोरं. भागवत सर रुमालानं तोंड पुसत होते. मी माइकपाशी उभा. नारळ हातात. एवढा राग मला कधीच आला नव्हता, आणि पहिल्यांदाच तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. समोर रांगेत जगदेव बसला होता. तो हसत नव्हता.

रात्री ८.००

मनकर्णाला विचारलं. पाहिली होतीस तर "नाही" का लिहिलं? तिनं हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. मग एकदम बोलली. तारा तुटला की कोणीतरी जाणार असतं, ते पाह्यलं तरी तोंडातून काढायचं नसतं, तिच्या आईनं शिकवलेलं. गल्लीत सगळ्यांना तसंच शिकवलेलं. म्हणून अकरा वेळा "नाही". "अन् तुमी त तवा असे लाल झालेले, कपायाची शीर फुगलेली. तारा बराबर तुमच्या डोक्यावरून गेला. म्या महिनाभर झोपली नाई. सांगतलं असतं त खरं झालं असतं."

मी अंधश्रद्धेवर बोलायला तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं. आळणी भाजी, रात्रीची नाडी, गोळ्या. या बाईला मी काल काय काय बोललो.

३० जानेवारीचं पान काढलं. कात्रण निघत नाही, डिंक चांगला होता. पान फोकससमोर धरलं तर कात्रणाआडचं सगळं वाचता येतं. सावली समोर भिंतीवर पडली, असं मीच लिहिलंय. फोकस समोर होता. फोकसनं सावली मागे पडली असती. आठवीचा पाठ आहे, उजेडाच्या विरुद्ध बाजूला सावली. तेहतीस वर्षं मेणबत्ती आणि पुठ्ठा घेऊन मीच शिकवलाय. सगळं बरोबर नोंदवून ठेवलं होतं मी. फक्त उल्का सोडून.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.४०

रिटायरमेंटचा पहिला दिवस. ठाण्यात जाऊन तक्रार मागे घेतली. त्यालाही अर्ज लागतो, त्यात कारणही लागतं. लिहिलं : "गैरअर्जदार मारत नव्हते, उल्का दाखवत होते." हवालदारानं दोनदा वाचलं. मग विचारलं, "मंग दिसली का सर तुमाले?"

नाही म्हणालो.

तो म्हणाला, अरेरे. मनापासून म्हणाला. मला त्याचाही राग आला, पण फार नाही.

परत येताना जगदेवच्या गेटात थांबलो. खिशात बारावा फॉर्म होता, तो पुढे केला. त्यानं चष्मा आणला, स्टुलावर बसून सगळे रकाने भरले. आमच्या घरी तसलं काई मानत नाई सर, म्हणाला, तुमी इचारलं असतं त पयल्याच दिवशी सांगतलं असतं. मग म्हणाला, पुण्याच्या नाइट गाडीवर अशा लय पाहिल्या, याच्याएवढी नाही, पण लय. "पन गाडीतले सारे झोपेल राहत. कोनाले दाखवाव? त्या दिवशी पयल्यांदा समोर जागा मानूस होता, तेबी सायन्सचा सर. म्या म्हनलं, पाह्य आता." आणि तो सर फोकसवरून त्याला शिव्या देत होता. हे तो बोलला नाही. मीच म्हणतो.

फॉर्म समोर आहे. उल्का पाहिली काय : होय. दिशा : सरच्या पाठीमागून. शेरा : सर पाह्याचे राह्यले.

रात्री ८.०४

मनकर्णाला म्हणालो, चल, बसू व्हरांड्यात. बसलोय. जगदेव गेटातून ओरडला, "सर, आज आभाळ साफ हाये, फोकस बंद करतो, पाहा आरामात!" आणि केला. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. चांदण्या आहेत. बऱ्याच आहेत. एवढ्या वाशीमला असतात हे माहीत नव्हतं.

आत्ता हिनं बाही ओढली. ते पाहा, म्हणाली. मी लगेच पाहिलं. विमान होतं. तरी पूर्ण जाईपर्यंत पाहिलं.

आता मात्र लिहिलेलं दिसत नाहीये. ओळ कुठे चाललीय कळत नाही. व्हरांड्यातला बल्ब मी कुठे ठेवला ते ही विचारतेय, मला आठवत नाही. जगदेवला हाक मारली, लावा म्हणालो फोकस. फक्त तोंड जरा खाली करून.